मागणी झालेल्या मुलीत जीव अडकलाय, विचारू का?

पेटीवाला, नगर
जय ख्रिस्त. वय २८. चर्चच्या क्वायरला पेटी वाजवतो. आमच्यात आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाणाऱ्या एका मुलीचा मे महिन्यात साखरपुडा झाला, मुलगा पुण्याचा. त्या दिवशीही पेटीवर मीच होतो. आता नाताळच्या गीतांचा सराव संपायला रात्रीचे नऊ वाजतात, तिला घरापर्यंत सोडायला मी जातो. गेल्या गुरुवारी फाटकाची कडी काढता काढता ती म्हणाली, "तू आधी का नाही विचारलंस?" आणि आत निघून गेली. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

लग्न जानेवारीत आहे. डिसेंबरात तीन रविवार चर्चमध्ये घोषणा होईल, कुणाची हरकत आहे का विचारतील, आणि मी पेटीवर बसलेला असेन. अजून ती कुणाची बायको नाही, असं मन सारखं सांगतं. विचारलं तर पाप आहे का? मन राखायला काही लिहू नका.

रविवार शाळेची ताई
भाऊ, आधी घोषणेचं. तिथली हरकत म्हणजे आधीचं लग्न, जवळचं नातं, वय अशी अडचण. "मला ती आवडते" ही हरकत नव्हे.

आता बायबलचं वचन. मत्तय १:१८-१९ मध्ये मरीयेची योसेफाशी नुसती मागणी झालेली होती, तरी ती मोडायला त्याला तिला रीतसर सोडावं लागणार होतं. आपला साखरपुडा तेवढा पक्का नाही, कबूल. पण जुन्या करारातलं अनुवादाचं पुस्तक, २०:७ काढ. मागणी करून ठेवलेल्या शिपायाला लढाईवरून घरी पाठवा, तो मेला तर दुसरा तिच्याशी लग्न करील, असं तिथं आहे. देवानं ऐन लढाईत एका माणसाच्या मागणीची काळजी केली. आणि पुण्याचा तो मुलगा निर्धास्त आहे, कारण त्याच्या होणाऱ्या बायकोला रात्री तू घरी पोचवतोस. मला तर हे वाचताना त्याचंच वाईट वाटलं.

वसईकर
ताई, बरोबर आहे, पण तिची बाजू राहिली. आम्ही कॅथलिक. आमच्या धर्मसभेच्या कायद्यात, कॅनन म्हणजे कलम १०६२, लग्नाचं वचन दिलं म्हणून लग्न लावायला भाग पाडता येत नाही. नुकसानभरपाई मागता येते, एवढंच. आणि कॅनन ११०३ प्रमाणे बळजबरीनं किंवा मोठ्या भीतीपोटी लावलेलं लग्न लग्नच ठरत नाही. तेव्हा मोडायचा हक्क तिला आहे. तो तिनं स्वतः, आईवडिलांना आणि त्या मुलाला तोंडावर सांगून वापरायचा. तू मागं उभा राहून नाही. फाटकापाशी अर्धं वाक्य बोलणं म्हणजे मोडणं नव्हे, दादा.

एकदा मोडलेला
माझी मागणी २०११ साली मोडली. तिचं दुसरीकडे जमलं होतं, आमच्याच तरुण संघातल्या मुलाशी. पत्रिका छापून आल्या होत्या. तिचे वडील साडी परत घेऊन आले, दुकानाच्या त्याच खोक्यात, वर माझ्या आईनं ठेवलेला फुलांचा छोटा गजरा वाळून काळा पडलेला. आईनं तो तसाच उचलून ठेवला. तिनं नाही म्हटलं याचा राग मला कधीच नव्हता. तो मुलगा मात्र ते चार महिने चर्चमध्ये माझ्या शेजारी बसून प्रभुभोजन घेत होता. ते अजून पचत नाही. तुला खरंच तिच्यासाठी काही करायचं असेल तर आधी तिथून बाजूला हो, मग तिला काय हवं ते तिचं तिला कळेल.

पेटीवाला, नगर
तिघांनाही मनापासून धन्यवाद. काल पाळकसाहेबांच्या बायकोला सगळं सांगितलं, फाटकाजवळचं वाक्यसुद्धा. त्या उद्या तिला एकटीला भेटणार आहेत, लग्नाला तिची मनापासून हो आहे का एवढंच विचारणार, माझं नाव काढणार नाहीत. मी सराव सोडलेला नाही, नाताळ तोंडावर आहे. पण गुरुवारपासून तिला घ्यायला तिचा भाऊ येईल.