बनगरवाडी नक्की कुठं आहे? पुण्याहून जायचंय

कर्वेनगरी

मंडळी, मदत हवीये. आमच्या सोसायटीत छोटासा वाचनकट्टा चालतो, यावेळी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी घेतली होती, आणि चर्चा संपता संपता कुणीतरी म्हणालं चला गावच बघून येऊ, झालं, आता सगळे मागे लागलेत आणि प्लॅनिंग माझ्या गळ्यात. मॅपवर बनगरवाडी टाकलं की सातारा जिल्ह्यातलं, माण तालुक्यातलं गाव दाखवतं. कट्ट्यावरच्या एका काकांचं मात्र ठाम म्हणणं की खरं गाव सांगली जिल्ह्यात आटपाडीकडे आहे आणि त्याचं नावच वेगळं आहे. त्यात पुस्तकात औंध संस्थान येतं, तर एका ताईंनी विचारलं मग औंधलाच जायचं ना, ब्रेमेन चौकात भेटू सगळे. (हसू नका, औंध नावाचा भाग पुण्यातही आहे, इथं वाढलेल्या माणसाला औंध म्हटलं की तेच आठवणार.)

तर नेमकी जागा कुठली? शाळा, तालीम, कारभाऱ्याचं घर असं काही बघण्यासारखं शिल्लक आहे का? आणि जावं कधी? बरोबर दोन-तीन सीनियर सिटिझन आहेत, त्यामुळे पुस्तकातल्या मास्तरासारखं पहाटे उठून माळ तुडवत गावात शिरायचं हे जमणार नाही, गाडी जाईल तिथपर्यंतच आमची मजल.

पेठी_पोपट

लेंगरेवाडी. ता. आटपाडी, जि. सांगली. काकांना नमस्कार सांगा, त्यांचं बरोबर आहे.

माणमधली बनगरवाडी हे वेगळं गाव, नाव जुळतंय एवढंच. बनगर, लेंगरे ही तिकडची आडनावं, आणि आडनावावरून पडलेल्या वाड्या त्या पट्ट्यात ढिगानं आहेत. अजून एक, मॅपवर 'लेंगरे' एवढंच टाकाल तर विट्याजवळचं खानापूर तालुक्यातलं गाव येईल, ते पण नाही. 'वाडी' टाइप करायला विसरू नका नाहीतर आजोबांना घेऊन भलतीकडेच उतराल.

मेंढवाडा

माझं गाव त्याच बाजूचं, नोकरीनिमित्त हडपसरला असतो. वर लिहिलंय ते बरोबर, आमच्याकडं कुणालाही विचारा, लेंगरेवाडीच सांगतील. माडगूळकरांचं माडगूळं त्याच तालुक्यात, आणि व्यंकटेश माडगूळकर स्वतः पोरवयात निंबवड्याच्या बाजूला प्राथमिक शाळेत मास्तर होते, त्यामुळं मास्तरच्या डोक्यात जे जे चालतं ते काही टेबलावर बसून सुचलेलं नाही.

पण 'बघण्यासारखं' म्हणाल तर आधीच सांगतो, पाटी लावलेलं म्युझियम शोधत येऊ नका. गाव जिवंत आहे, माणसं राहतात. सिमेंटची घरं, दारात मोटरसायकली, सगळ्या गावांत असतं तसंच. आणि कादंबरीतला तो रखरखीत माळ बघायचा म्हणून याल तर पहिला धक्का डाळिंबाच्या बागांचा बसेल. टेंभू योजनेचं पाणी आलं ना. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवत खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत आणायचं, अशी ती स्कीम. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या छावण्या आणि टँकर बघितले तिथं आता शेततळ्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरून पाणी साठवलेलं दिसतं. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांचा चेहरा ते बघून जरा पडतो, म्हणजे दुष्काळ बघायला आलो आणि ही हिरवळ काय! मला त्याचा राग येतो खरं सांगायचं तर. पुस्तकाच्या शेवटी मेंढरं मरतात, माणसं गाव सोडून जातात, वाडी ओस पडते, ते आमच्या आज्या-पणज्यांनी भोगलेलं आहे, ते तसंच जपून ठेवायला आम्ही काही करार केलेला नाही.

दुसरी गोष्ट. कृपा करून 'हे घर कुणाचं, ते कोण' असली चौकशी करू नका. मागं एकदा गाडीतून उतरलेली मंडळी पारावरच्या म्हातारीला विचारताना मी स्वतः ऐकलंय, आजी, ती पुस्तकातली अंजी कुठल्या घरातली हो? म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला, सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "कुठल्या अंजीचं इचारताय? दोन हाइत. एक ल्योकाकडं गेलीया." पाहुणे गप्प. पुस्तकात चोरी आहे, भांडणं आहेत, बायामाणसांवरून उठलेल्या कंड्या आहेत. वाचताना गोड वाटतं, पण कुणाच्या आजोबावर बोट ठेवून 'हाच तो का' म्हणणं बरं दिसत नाही.

नकाशावेडा

लेंगरेवाडी हे मान्य, पण मला वाटतं कादंबरीतली वाडी एका पिनवर बसवायच्या भानगडीत पडूच नये. लेखकानं नाव बदललं ते काही उगाच नाही, एकदा बदललं की आजूबाजूच्या चार वाड्यांतलं जे हवं ते उचलून एका वाडीत मांडायला तो मोकळा. आपण जाऊन इथं शाळा, इथं तालीम असं जुळवत बसलो तर जुळलेलं तेवढंच लक्षात राहणार.

त्यापेक्षा संस्थानाचा नकाशा समोर घ्या, त्यात खरी मजा आहे. औंध संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हता, तुकडे होते. औंध स्वतः आजच्या खटाव तालुक्यात, आटपाडीचा महाल पार पूर्वेला, कुंडल तिसरीकडं आणि गुणदाळ तर विजापूरकडं. मधे सगळा ब्रिटिश मुलूख. म्हणजे आटपाडी महालातल्या एखाद्या वाडीत नेमलेला मास्तर ज्या दरबाराचा नोकर, तो दरबार कितीतरी मैल लांब, मधे दुसऱ्याचं राज्य. हे डोक्यात ठेवून पुस्तक परत वाचा, त्या पोराचं एकटेपण वेगळंच कळतं. आणि तालमीच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात तेव्हा वाडीत एवढी धांदल का उडते तेही कळतं.

ते राजेसाहेब पण हवेतले नाहीत. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव, सूर्यनमस्काराचे एवढे भोक्ते की संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले होते, स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. अशा माणसाला एका वाडीनं अंगमेहनत करून उभारलेल्या तालमीला बोलावलं तर तो येणारच की.

आणि सातारा का सांगली या वादाचं उत्तरही त्यातच आहे. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, मग औंध राहिलं साताऱ्यात आणि आटपाडी गेली दक्षिण साताऱ्यात, त्याचंच १९६० ला सांगली जिल्हा असं नाव झालं. त्यामुळे जुन्या लोकांच्या तोंडी सातारा येतं, ते चुकीचं नाही.

ता. क. सिनेमात पाहिलेल्या जागांवर तर अजिबात जाऊ नका, कुठल्याच बाबतीत. सासवडचा पुरंदरे वाडा बघून 'तुंबाड बघून आलो' असे स्टेटस टाकणारे माझ्या ऑफिसात आहेत. तुंबाड गाव तिकडं रत्नागिरीच्या खेडमधे, जगबुडीच्या काठावर, आणि श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' कादंबरीचा त्या 'तुंबाड' नावाच्या भुताच्या पिक्चरशी नावापलीकडं संबंध नाही. (खेड म्हणजे राजगुरुनगर नव्हे, हेही सांगावं लागतं पुण्यात.)

कर्वेनगरी

वा, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. मेंढवाडा, तुमचा मुद्दा पटला, घरांची चौकशी कुणी करणार नाही, बसमधेच तंबी देतो. पण मग तिथं जाऊन करायचं काय? रखरखाट बघायचा म्हणून वैशाखात यावं का? आणि धनगरवाडी आहे तर मेंढरं तरी दिसतील ना, कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांनी मेंढरांचा कळप फक्त हायवेला गाडी अडल्यावर बघितलाय.

मेंढवाडा

इथंच तर गंमत आहे, दोन्ही एका वेळी मिळत नाही. रखरखाट हवा तर उन्हाळ्यात या, पण तेव्हा मेंढरं गावात नसतात. दसरा-दिवाळी झाली की वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारी धनगरांची बिऱ्हाडं, बाहेर पडतात, कुणी कृष्णाकाठाला, कुणी कोकणाकडं, कुणी तुमच्या पुणे जिल्ह्यात. घोड्यावर बिऱ्हाड, वर कोंबड्या बांधलेल्या, लहान पोरंपण वरच. जिथं पीक निघालंय त्या रानात रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखत शेतकऱ्याला, बदल्यात धान्य नाहीतर पैसे. दिवाळीनंतर सोलापूर रोडला उरुळी-यवतच्या बाजूला जाळी लावून बसलेले वाडे दिसतात बघा, त्यातले काही आमच्याकडचेच असतात, आपण काचा वर करून एसी लावून निघून जातो. पाऊस पडला की परत घराकडं.

म्हणून माझं म्हणणं, शनिवार धरून या. आटपाडीचा शनिवारचा शेळ्यामेंढ्यांचा बाजार बघा, अख्ख्या माणदेशात नाव आहे त्याचं. पहाटेच भरतो, दहा-अकराला याल तर मोकळं मैदान बघाल. बकरं घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो, दोनदाती का चारदाती, मग माकडहाडाच्या वर दोन्ही अंगठे दाबून मांस किती धरलंय ते बघतो, मग तोंड वाकडं करतो म्हणजे भाव पाडायला सुरुवात. विकणारा आकाशाकडं बघतो. मधे दलाल दोघांचे हात धरून ओढाओढ करत असतो. आणि जी बोली तुम्ही पुस्तकात वाचलीत ना ती तिथं कानावर पडेल, दाराशी गाडी लावून घरं बघितल्यानं नाही पडणार. कार्तिकात उत्तरेश्वराची जत्रा असते तेव्हा तर मेंढ्यांचा बाजार बघायलाच लोक येतात, माडग्याळी मेंढे, बाकदार नाकाचे, एकेकाची किंमत ऐकून तुमच्या कट्ट्यावरच्यांना घाम फुटेल.

प्रवासी_काकू

आम्ही गेलोय, रस्त्याचं सांगते. फलटण, दहिवडी, गोंदवलं, म्हसवड आणि मग आटपाडी, साधारण दोनशे किलोमीटर धरा. गोंदवल्याला तर निम्मं पुणं जातंच, तुमच्या सीनियर मंडळींना दर्शन आणि प्रसाद दोन्ही होईल, तिथपर्यंतचा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा असतो. पुढं म्हसवडनंतर राजेवाडीचा मोठा तलाव लागतो, ब्रिटिश काळातला, माणगंगेवरचा. थांबा तिथं जरा. पाणी असलं तर छान आणि नसलं तर पुस्तक जास्त कळेल.

माडगूळ्याला गदिमांचा 'बामणाचा पत्रा' आहे, शेतातलं पत्र्याचं छपर, तिथं बसून ते लिहायचे. शेटफळे हे त्यांचं जन्मगाव, तेही त्याच तालुक्यात. मला गंमत वाटते ती ही की १९५५ साली पुणे आकाशवाणीवर एका भावाचं गीतरामायण घरोघरी लागलेलं आणि त्याच वर्षी दुसऱ्या भावाची ही कादंबरी पुस्तक होऊन आली. माणसाला आयुष्यात एक जमलं तरी पुरे, यांनी एका वर्षात घरात दोन केली. शंकरराव खरातही आटपाडीचेच, तिघंही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले, एवढ्याशा कोरड्या तालुक्यातले.

आणि स्वतंत्रपूर चुकवू नका, निदान बाहेरून. १९३९ मधे औंधच्या राजानं काढलेली खुली कैद्यांची वसाहत, भिंती नसलेली. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ची कथा गदिमांनी लिहिली ती त्यावरूनच. अजून तुरुंग खात्याकडं आहे, तेव्हा उगाच आत घुसून सेल्फी काढू नका.

नकाशावेडा

काकूंचा रूट जवळचा आहे हे कबूल, पण परतताना तरी विटा-मायणी-औंध-सातारा असं या. औंधला यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे, त्याच राजेसाहेबांनी १९३८ मधे उघडलेलं, रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. ज्यांच्या स्वागतासाठी बनगरवाडी नटते त्यांचा खरा शौक काय होता ते बघून घ्या. वाढीव पन्नास-साठ किलोमीटर होतील, होऊ देत.

प्रवासी_काकू

ज्येष्ठ मंडळी बरोबर आहेत म्हणालेत ना ते! एका दिवसात बाजार, गाव, माडगूळं आणि वर औंध, शेवटी त्यांना उचलून गाडीत घालावं लागेल. शुक्रवारी रात्री आटपाडीत नाहीतर विट्यात मुक्काम करा, शनिवारी पहाटे बाजार, उन्हं चढायच्या आत लेंगरेवाडी आणि माडगूळं, जेवण करून औंध. संग्रहालय बंद असायचा वार आधी फोन करून विचारून घ्या.

कर्वेनगरी

ठरलं, पावसाळा संपता संपता, वाडे बाहेर पडायच्या आधीचा एखादा शनिवार धरतो. मेंढवाडा, तुम्ही त्या सुमाराला गावी असाल का? बाजारात आमच्यातल्या कुणी भावनेच्या भरात बकरं घेतलं तर दात बघायला कुणीतरी हवं.

मेंढवाडा

असलो तर येतो. पण घेतलेलं बकरं ट्रॅव्हलरमधे घालून कर्वेनगरला न्यायचं नाही, सोसायटीची परवानगी आधी काढा.