एका सर्व्हरवर तीन डोमेन आणि तिन्हींना 'इन्फो' हा मेल-पत्ता हवा: मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

आधीच कबूल करतो, घोळ माझाच आहे. दोन वर्षांपूर्वी काकांच्या छापखान्याची साइट आणि मेल चालवायला एक व्हीपीएस (आभासी सर्व्हर) भाड्याने घेतला. लिनक्सपैकी डेबियन १२, पत्रांची ने-आण करायला पोस्टफिक्स, पेट्या आणि लॉगिन सांभाळायला डोव्हकॉट आणि वेबमेलला राउंडक्यूब. मग ताईच्या दातांच्या दवाखान्याचं डोमेन त्याच सर्व्हरवर आलं, पाठोपाठ आमच्या सोसायटीचंही. घरचंच काम, नाही कुणाला म्हणणार?

दर वेळी मी एवढंच केलं: नवं डोमेन पोस्टफिक्सच्या 'मायडेस्टिनेशन' ओळीत (सर्व्हरने स्वतःची मानायच्या डोमेनांची यादी) जोडलं आणि ॲडयूजर कमांडने लिनक्सचे युजर वाढवले. दवाखान्यासाठी 'इन्फो' करायला गेलो तर सर्व्हर म्हणाला, हा युजर आहेच. चाचणीचं पत्र पाठवलं, परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरून चाललो.

कुठे पोचत होतं ते गेल्या आठवड्यात कळलं. ताईने 'इन्फो'चा पासवर्ड मागितला, मी दिला. तिच्या रिसेप्शनिस्टने वेबमेल उघडलं तर समोर लग्नपत्रिकांची प्रुफं. आणि काकांना वर्षभर पेशंटच्या दाढांचे एक्स-रे येत होते, ते 'स्पॅम असेल' म्हणून उडवत होते! ताईने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लॉगिन करताना पूर्ण पत्ता टाकला, अगदी @ च्या पुढे सोसायटीचं डोमेन लिहिलं, तरी तीच पेटी उघडते. इन्फो१, इन्फो२ असे युजर करायचं मनात आलं होतं, पण ताईच्या कार्डावर 'इन्फो' छापून झालंय (काकांकडेच).

तर तिन्ही 'इन्फो' वेगळे कसे करू? आणि आधीची ११ जीबी खिचडी निवडता येईल का?

प्रतिसाद: रात्रपाळीवाला

इन्फो१, इन्फो२ च्या वाटेला जाऊ नका. लिनक्सच्या युजरना डोमेन माहीतच नसतं. सगळ्या सर्व्हरला मिळून एकच यादी, त्यात 'इन्फो' एकदाच बसणार. 'मायडेस्टिनेशन'मध्ये डोमेन लिहिलं की पोस्टफिक्स @ च्या पुढचं सोडून देतो आणि उरलेल्या नावाचा युजर शोधतो. पूर्ण पत्ता टाकूनही तीच पेटी उघडते, म्हणजे डोव्हकॉटच्या 'ऑथ युजरनेम फॉरमॅट'मध्ये तुम्ही कधीतरी %एलएन (%Ln) लिहिलेलं असणार. त्यातला एन म्हणजे फक्त @ च्या आधीचा भाग. तिथे %एलयू (%Lu) करा, म्हणजे पूर्ण पत्ता, लहान अक्षरांत. (डोव्हकॉट २.४ मध्ये ही लिहायची पद्धत बदलली आहे, डेबियन १२ वर २.३ आहे म्हणून तुम्हाला चालेल.)

मग तिन्ही डोमेन पोस्टफिक्सच्या 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स'मध्ये (ज्यांच्या पेट्यांना लिनक्सचे युजर लागत नाहीत अशी डोमेन) घाला आणि 'मायडेस्टिनेशन'मधून काढा. दोन्हीकडे राहिली तर पोस्टफिक्स लॉगमध्ये कुरकुरतो आणि पत्रं भलतीकडे जातात. 'मायडेस्टिनेशन'मध्ये सर्व्हरचं स्वतःचं नाव आणि लोकलहोस्ट तेवढं ठेवा. सगळ्या पेट्यांचा मालक 'व्हीमेल' नावाचा एकच लिनक्स युजर, आत डोमेनचं फोल्डर, त्याच्या आत पेटी. पासवर्ड डोव्हकॉटच्या स्वतःच्या फाइलमध्ये. पाचपंचवीस पेट्यांना साधी फाइल पुरते, मायएसक्यूएल डेटाबेसच्या नादी लागू नका. सर्व्हर तोच, त्यामुळे एमएक्स नोंदींना (डोमेनचं मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचं ते सांगणाऱ्या) हात लावायची गरज नाही.

एक विचारतो, रागावू नका. त्या 'इन्फो'ला एसएसएचने (म्हणजे दुरून सर्व्हरवर कमांड चालवायच्या वाटेने) आत येता येतं का? ॲडयूजर शेल (कमांड चालवायची सोय) देऊनच युजर बनवतो. म्हणजे रिसेप्शनिस्टच्या वहीत लिहिलेला पासवर्ड थेट सर्व्हरची किल्ली आहे. हे आज रात्रीच बंद करा, बाकीचं रविवारी.

प्रतिसाद: खटपट्या

आमच्या ऑफिसात हे सगळे उद्योग करून शेवटी विकतची मेलसेवा घेतली. झोप लागते.

धागाकर्ता

खटपट्या, दर पेटीमागे दर महिन्याला पैसे, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते मंजूर करून घ्यायचे. त्यापेक्षा पोस्टफिक्स सोपा.

रात्रपाळीवाले, शेल होतं. बंद केलं. घाम फुटला. जुन्या खिचडीचं काय?

प्रतिसाद: रात्रपाळीवाला

पत्रं मेलडिर पद्धतीने साठवलेली असतील तर सोपं आहे, प्रत्येक पत्र वेगळी फाइल असते. पोस्टफिक्स युजरच्या पेटीत पत्र टाकताना वर 'एक्स-ओरिजिनल-टू' अशी ओळ लिहितो, त्यात मूळ पत्ता डोमेनसकट असतो. ग्रेपने (फायलींत मजकूर शोधायची कमांड) त्यावरून फायली निवडा, नव्या पेटीच्या 'कर' (cur) फोल्डरमध्ये कॉपी करा, मालकी व्हीमेलला द्या. कॉपीच करा, मूव्ह नको. फॉरवर्ड केलेल्या पत्राच्या पोटातही तीच ओळ सापडू शकते, म्हणून प्रत्येक फाइलमधली पहिलीच धरा. पाठवलेल्या पत्रांत ती ओळ नसते, तिथे 'फ्रॉम' बघा.

आणि पोस्टफिक्समध्ये 'सेंडर लॉगिन मॅप्स' (कुठल्या लॉगिनने कुठल्या पत्त्यावरून पाठवायचं त्याची यादी) लावा, नाहीतर दवाखान्याच्या लॉगिनवरून छापखान्याच्या नावाने पत्र जाऊ शकेल.

धागाकर्ता

रविवारी सकाळी बसलो, संध्याकाळी तिन्ही 'इन्फो' वेगळे. एक्स-रे ताईकडे गेले. काकांनी उडवलेले बरेचसे कचरापेटीत शिल्लक होते.

पण आता काका म्हणतात, वेबमेलमधलं ॲड्रेस बुक रिकामं झालं, सहीसुद्धा गेली. पत्रं सगळी आहेत. हे काय नवीन?

प्रतिसाद: रात्रपाळीवाला

गेलं नाही, जुन्या नावावर पडून आहे. राउंडक्यूब ॲड्रेस बुक आणि सह्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये लॉगिनच्या नावावर ठेवतो. काल काका 'इन्फो' होते, आज पूर्ण पत्ता टाकून आले, म्हणजे त्याच्या लेखी नवा माणूस. डेटाबेसचा बॅकअप घ्या. 'यूजर्स' टेबलमध्ये नवी रिकामी नोंद काढा आणि जुन्या नोंदीतलं युजरनेम बदलून पूर्ण पत्ता करा. सहीबरोबरचा 'फ्रॉम' पत्ता तेवढा सेटिंगमध्ये तपासा, तो जुनाच राहिला असेल.

धागाकर्ता

आलं सगळं परत. फक्त त्या ॲड्रेस बुकमध्ये ताईचे चाळीसेक पेशंटही निघालेत, ते आता हाताने निवडतोय.