अन्ननलिकेतला माशाचा काटा महाधमनीला टेकलाय, दुर्बिणीने काढावा का?

प्रश्न (निवासी डॉक्टर, कान-नाक-घसा):
घोळीचा जाड काटा, साधारण ३ सेंमी. अन्ननलिकेत आडवा, पुढच्या दातांपासून २४ सेंमीवर. डावं टोक महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) कमानीकडे. दोन दिवस झालेत. घरी भाताचे गोळे आणि केळं गिळायला लावलं होतं. ताप नाही, रक्तदाब ठीक. एक्स-रेत काही दिसलं नाही, साध्या सीटीत टोक भिंतीबाहेर वाटतंय. लगेच स्कोप (दुर्बीण) टाकावा का?

उत्तर १ (रेडिओलॉजी):
आधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी), १ मिमीचे काप, तिन्ही प्रतलांत. टोक आणि महाधमनी यांच्यामध्ये चरबीची रेघ शाबूत आहे का, धमनीची भिंत जाडावलीय का, फुगवटा आहे का, मध्यछातीत (दोन फुप्फुसांमधल्या जागेत) हवा किंवा पू आहे का, एवढं बघा. कमानीजवळ ठोक्यांमुळे कडा धूसर येतात, म्हणून शक्य असल्यास ईसीजी-गेटिंग (ठोक्यांशी जुळवून चित्र घेणं) लावा. बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं द्रव) अजिबात पाजू नका. काटा झाकला जातो, आणि छिद्र असेल तर ते मध्यछातीत उतरतं. एक्स-रेत बरेचसे काटे दिसतच नाहीत, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

उत्तर २ (गॅस्ट्रो, म्हणजे पचनसंस्था विभाग):
अन्ननलिकेतल्या टोकदार वस्तूसाठी युरोपीय मार्गदर्शक सूचना २ तासांत, उशिरात उशिरा ६ तासांत काढा म्हणतात. तरी इथे अँजिओसाठी थांबणं योग्यच.

चरबीची रेघ शाबूत असेल तर पूर्ण भूल, श्वासनलिकेत ट्यूब, हृदय-रक्तवाहिनी सर्जन सावध. स्कोपच्या टोकाला पारदर्शक कॅप. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड, तोही कमी. छिद्रातून हवा मध्यछातीत शिरली तर फुप्फुस दबू शकतं.

खरी चूक होते ती काटा मधोमध पकडून सरळ वर ओढण्यात. दोन्ही टोकं रुतलेली असतात, भिंत चिरते आणि डावं टोक धमनीवर घासत जातं. उंदीरदाती (टोकाला दात असलेल्या) चिमट्याने डाव्या टोकाजवळ पकडा आणि ते आधी पोकळीच्या मध्याकडे सोडवा. उजवं टोक थोडं रुतेल, पण त्या बाजूला धमनी नाही. मग काटा उभा फिरवा, टोकदार बाजू मागे ठेवून कॅपमध्ये घ्या आणि स्कोपसकट बाहेर काढा. दोन्ही टोकं हलत नसतील तर मध्ये कापून दोन तुकडे वेगवेगळे काढा. जोर लावायची वेळ आली की थांबा.

उत्तर ३ (हृदय-रक्तवाहिनी शस्त्रक्रिया):
टोक धमनीत घुसलं असेल तर काटाच बूच आहे, स्कोपने हात लावू नका. जांघेतल्या धमनीतून आधी टेवार, म्हणजे आच्छादित स्टेंट, बसवायचा. काटा त्यानंतर, त्याच टेबलावर काढायचा. स्टेंट धरायला निरोगी धमनीची सुमारे २ सेंमी पट्टी लागते. कमानीजवळ ती मिळवताना डाव्या हाताच्या धमनीचं तोंड झाकावं लागू शकतं, म्हणून कशेरुकी धमन्या (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या) आधीच तपासा. जंतुसंसर्ग असलेल्या जागी स्टेंट बसतो, त्यामुळे अँटिबायोटिक दीर्घकाळ आणि पूचा निचराही हवा.

प्रश्नकर्ता:
सर, काटा सहज निघाला तर लगेच घरी सोडायचं का?

उत्तर ३:
नाही. तोंडाने काही नको, अँटिबायोटिक आणि पुन्हा सीटी अँजिओ. अन्ननलिकेतल्या वस्तूने महाधमनीला छिद्र पडतं तेव्हाचा, कियारी या डॉक्टरांनी १९१४ मध्ये नोंदवलेला क्रम असा: छातीत दुखणं, थोडी रक्ताची उलटी, मग काही तास ते काही दिवस सगळं ठीक, आणि शेवटी प्राणघातक रक्तस्राव. चमचाभर लाल रक्त आलं तरी परत यायचं, हे नातेवाइकांना लिहून द्या.