चित्रपटाची सुरुवात : चेहरा कधी दाखवावा? (मदत हवी आहे)

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आमचा गट एका रहस्यपटाची केवळ सुरुवातीची दोन मिनिटे तयार करत आहे. पुढचा चित्रपट बनणारच नसल्यामुळे वातावरण, मुख्य पात्र आणि पुढे काय घडेल याची उत्सुकता या तिन्ही गोष्टी एवढ्याच वेळात उभ्या राहायला हव्यात. एक स्त्री रिकाम्या घरात शिरून कोणाची तरी कागदपत्रे शोधते, एवढाच प्रसंग आहे.

माझ्या मते पडदा काळा ठेवून आधी कुलूप उघडल्याचा आवाज ऐकवावा, मग हात, पाठ आणि सावली यांचे क्लोज-अप दाखवावेत आणि चेहरा अगदी शेवटी यावा. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की संपूर्ण घर दाखवणारा लाँग शॉट आधी नसेल, तर प्रेक्षकाला ती कुठे आहे हेच कळणार नाही. आक्षेप रास्त आहे, पण तो शॉट मध्यावर आणला तर चालेल का?

दुसरा प्रश्न श्रेयनामावलीचा. आठ नावे प्रत्येकी तीन सेकंद काळ्या पडद्यावर दाखवली, तर चोवीस सेकंद, म्हणजे एक पंचमांश वेळ, त्यातच जातो. दृश्यावरच दाखवली, तर नजर हातांवरून अक्षरांकडे वळते. पार्श्वसंगीत मात्र टाळायचे ठरले आहे, कारण शांततेत कागदांची सळसळ अधिक अस्वस्थ करते. ज्यांनी असे प्रसंग संकलित केले आहेत, त्यांनी या दोन्ही बाबतींत कृपया कारणांसह मत द्यावे.