मदत हवी आहे: सुट्टीतल्या आठवणीवरून ‘न मागता मिळालेली कृपा’ कशी उलगडावी?

प्रार्थनासभेसाठी सात मिनिटांचं मनन तयार करतोय, साधारण 700 शब्दांचं. आठवण पहिल्या 200 शब्दांत संपवायची, नाहीतर ऐकणारे तिथेच रमतात आणि बायबलमधलं वचन मागे पडतं.

भेटवस्तूची आठवण मुद्दाम टाळली आहे. मुलाने ती बहुधा मागितलेली असते, मग विषय प्रार्थनेच्या उत्तराकडे सरकतो. त्यापेक्षा रात्रीचा प्रवास बरा वाटतो. मूल गाडीत झोपतं आणि सकाळी अंथरुणात जागं होतं. बूट काढून ठेवलेले, पांघरूण खांद्यापर्यंत ओढलेलं. कुणी उचलून आणलं, त्याला पत्ताच नसतो. इथे मागणं नाही, लायकीचा प्रश्नही नाही.

वचनाची निवडही जपून करावी लागते. लूकच्या शुभवर्तमानातल्या 17व्या अध्यायातले (लूक 17) दहा कुष्ठरोगी पटकन सुचतात, पण त्यांनी दयेची याचना केली होती. लूक 7 मधली नाईन गावची विधवा जास्त जुळते. तिच्या एकुलत्या मुलाची अंत्ययात्रा चाललेली असते: ती काहीच मागत नाही, येशूला तिचा कळवळा येतो आणि तो मुलाला जिवंत करतो.

अडतंय ते जोडावर. ‘देवही असाच आहे’ म्हटलं की सगळं सपाट होतं. आठवणीतून वचनात कसं शिरता तुम्ही? प्रश्न विचारून, की थोडं थांबून थेट वाचन?

दुसरं, आणि मला जास्त महत्त्वाचं: ज्यांना लहानपणी असं उचलून नेणारं कुणी नव्हतं, तेही समोर बसलेले असतात. त्यांच्यासाठी कोणतं वाक्य घालाल, आणि नेमकं कुठे?