लेकरू डोकं आपटते, तुमच्या घरी काय झालं ते सांगा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहिते. मुलगा 20 महिन्यांचा आहे. दोन महिन्यांपासून झोपायच्या वेळी बाजेच्या लाकडावर डोकं आपटते, धप धप एका लयीत, अन् दिवसा मनासारखं नाही झालं का थेट भिताडावर. कपाळावर टेंगूळ आलं. सासूबाईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, शेजारीण म्हणते बाहेरचं आहे, याचे बाबा म्हणतात तूच लाडावलं. मले रात्ररात्र झोप नाही. ज्यांच्या घरी असं झालं त्यांनी खरं खरं लिहा, मले बरं वाटावं म्हणून लिहू नका.

हिंगणघाटकडून
ताई, माझ्या मोठीचं 9 महिन्यांची असताना सुरू झालं अन् तीन वर्षांची व्हायच्या आधी आपोआप बंद झालं. डॉक्टर म्हणाले बरीच लेकरं झोप लागावी म्हणून करतात, पाळण्यात झुलल्यासारखं वाटते त्याईले. पण चिमणी आली का ती बोटानं दाखवायची, हाक मारली का वळायची, म्हणून ते निश्चिंत होते. मी बाज सोडून खाली गोधडी टाकून झोपवायला लागली, अन् आपटलं का धावून जाणं, ओरडणं बंद केलं, फक्त लागत नाही ना एवढं पाहायची. लय कठीण गेलं ते, सासरे चिडायचे.

अचलपूर
आमच्या पोराचा कान पिकला होता आतून. कानाला हात लावायचा पण आमचं ध्यान गेलं नाही. औषध झालं अन् आपटणं गेलं. कान नक्की पाहून घ्या.

वाशिम जिल्हा
माझ्या मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. दोन वर्षांचा होईपर्यंत सगळे म्हणायचे पोरं उशिराच बोलतात, बाप पण उशिराच बोलला. एका डॉक्टरनं टॉनिक लिहून परत पाठवलं. आम्ही पण डोक्याचंच सांगत राहिलो, बाकीचं सांगायचं असते हे कुठं माहीत होतं. हाक मारली तर पाहायचा नाही, पण मोबाईलवर गाणं लागलं का दुसऱ्या खोलीतून धावत यायचा. पाणी पाहिजे तर बोट नाही, माझा हात धरून माठापाशी न्यायचा. सायकलचं चाक फिरवत तासभर बसायचा. अन् आधी दादा, टाटा म्हणायचा ते पण थांबलं. येत असलेलं बोलणं गेलं तर एक दिवस पण वाट पाहू नका, मी हात जोडून सांगते. आम्ही चार महिने मांत्रिकाकडं घातले.

शेवटी अंगणवाडीतल्या तपासणीत कळलं, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे लेकरांची वाढ तपासून उपचार करतात त्या केंद्रात पाठवलं. तिथं आधी ऐकू येते का ते तपासलं, मग बाकी. आता 5 वर्षांचा आहे. डीजे वाजला का अजून आपटते, पण पाहिजे ते चित्राचं कार्ड दाखवून मागते, अन् मागता यायला लागलं तसं आपटणं निम्म्यावर आलं. जाण्यायेण्यात रोजी बुडते, तरी जातो.

अंगणवाडी सेविका, चिमूर तालुका
आरबीएसके, म्हणजे लेकरांच्या तपासणीची सरकारी योजना, 2013 पासून आहे, 18 वर्षांपर्यंत पैसे लागत नाहीत. टीम वर्षातून दोनदा येते पण तेवढं थांबू नका, आशाताईला सांगा, पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, चिठ्ठी घ्या. वर्षाचं लेकरू हाकेला वळलं पाहिजे, दीड वर्षाचं बोटानं दाखवलं पाहिजे, दोन वर्षांचं 'आई दे' असे दोन शब्द जोडून बोललं पाहिजे. आपटतानाचा व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरसमोर लेकरू गप बसते. अन् डोक्याला लागल्यावर वारंवार उलटी झाली किंवा सुस्त पडलं तर तसंच उचलून दवाखान्यात.

पुन्हा मीच, यवतमाळ
सगळ्यांचं वाचलं. काल दिवसभर पाहिलं, 10 हाका मारल्या, 3 वेळा वळला. गाय आली तर बोट नाही केलं. सासूबाईले वाशिमच्या ताईचं वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण सांजच्याले त्याईनंच बाज भिताडापासून ओढून घेतली. व्हिडिओ काढला आहे. सोमवारी पीएचसीत जातो, कापूस वेचाचा राहिला तर राहू दे.