मदत हवी आहे: गिरगावातल्या जुन्या फर्निचरच्या दुकानाचा शोध

नमस्कार मंडळी,

आजोबांचं सागवानी कपाट आता माझ्याकडे आलंय. ते ज्या दुकानात बनलं, त्या दुकानाचा इतिहास मला शोधायचा आहे. गिरगाव, ऑपेरा हाऊस भागातले जुने रहिवासी आणि जुनी दफ्तरं चाळायची सवय असलेले कुणी असतील तर कृपया वाचा.

हाताशी असलेला मुख्य पुरावा म्हणजे एक पितळी पट्टी. डाव्या दाराच्या आत, कुलपाच्या जरा वर ठोकलेली, बोटभर लांब. वर्षानुवर्षं घासून घासून तिच्यावरची अक्षरं सपाट झाली आहेत. वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली तेव्हा इंग्रजीत '...कर अँड सन्स', खाली 'फर्निचर मेकर्स' आणि 'बॉम्बे ४' एवढं उमटलं. आडनावाचा पुढचा भाग पार गेलाय. मुंबई ४ म्हणजे गिरगाव, आजच्या ४००००४ मधला शेवटचा ४ तोच. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, म्हणजे पट्टी बहुधा त्याआधीची.

कपाटाची पाठ प्लायवूडची नाही, सागाच्या फळ्यांची आहे. स्क्रू सगळे एका खाचेचे. घरात याला 'बर्मा टीक' म्हणत आले. १९४२मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारं लाकूड थांबलं, त्यामुळे हे खरं असेल तर काळ ठरवायला उपयोग होईल. पण आपल्याकडे चांगल्या सागाला सरसकट बर्मा टीक म्हणतात, म्हणून यावर मी फार भिस्त ठेवत नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच खूण. कपाट भिंतीपासून ओढलं तेव्हा मागच्या वरच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेली मापं दिसली. आकडे गुजराती आहेत आणि शेजारी एक शब्द आहे, बहुधा कुणाचं तरी नाव. म्हणजे मालक मराठी आणि काम करणारे मिस्त्री गुजराती असावेत. मालकाचं नाव आज ना उद्या एखाद्या कागदात सापडेल. ज्यांच्या हातून खणांचे जोड इतके नेमके बसले की आजही खण एका बोटाने सरकतो, त्यांची नोंद कुठे असते? दुकानांच्या हजेरीवह्या, पगाराच्या वह्या कुणी जपून ठेवल्या असतील का? दुकानाच्या इतिहासात ही माणसं यायलाच हवीत असं मला मनापासून वाटतं.

पुढे कुठे शोधायचं याबद्दल थोडा विचार केलाय, त्यात भर घाला. भागीदारी पेढी असेल तर १९३२च्या भागीदारी कायद्याखाली निबंधकाकडे नोंद असू शकते आणि ती नोंदवही फी भरून कुणालाही पाहता येते. अडचण अशी की नोंदणी सक्तीची नव्हती, शिवाय माझ्याकडे पूर्ण नाव नाही. नुसत्या 'कर'वरून तिथे शोध घेता येतो का? १९४८च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालचे जुने गुमास्ता परवाने महापालिकेकडे मिळतात का, हेही कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.

दुसरा मार्ग जाहिरातींचा. दिवाळी अंकांत आणि 'किर्लोस्कर'सारख्या मासिकांत दुकानांच्या जाहिराती भरपूर असत, पण ग्रंथालयात बांधणी करताना जाहिरातींची पानं बऱ्याचदा काढून टाकलेली असतात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा ठाण्याच्या संग्रहालयात जाहिरातींसकट जुने अंक कुणी पाहिलेत का? 'टाइम्स ऑफ इंडिया'ची वार्षिक डिरेक्टरी निघत असे, तिचे १९३० ते १९५० दरम्यानचे खंड कुठे बसून चाळता येतील?

आणि एक विनंती. तुमच्या घरी मुंबईचं जुनं कपाट, ड्रेसिंग टेबल, पलंग असेल तर दाराच्या आत, खणाच्या तळाशी आणि पाठीमागे एकदा बघा. अशीच पट्टी किंवा जुनी पावती सापडली तर फोटो टाका. पट्टी घासू नका आणि पाठीवरची पेन्सिल ओल्या फडक्याने पुसू नका. गुजराती वाचणारं कुणी असेल तर त्या शब्दाचा फोटो मी लगेच पाठवते.